गच, लांबी आणि पुट्टी

शब-ए-बरात उरकली की आमच्या मोहल्ल्यात रंगाचे डबे दिसू लागतात. रमजान पंधरा दिवसांवर आलेला असतो, ईद दीड महिन्यावर. ज्याच्या खिशात जेवढं बळ, तेवढा रंग. कुणी फक्त दर्शनी भिंत काढतो, कुणी अख्खं घर. यंदा आम्हीही बैठकीची खोली रंगवायची ठरवली आणि पहिल्याच दिवशी अडलो. रंग कोणता, यावर घरात एका चहात एकमत झालं. पण रंगाच्या आधी भिंतीच्या भेगा आणि खड्डे कशाने भरायचे, यावर चार दिवस वाद चालला.

घर आजोबांच्या काळातलं. सोलापूरच्या जुन्या पेठेतल्या अनेक घरांसारखं, रस्त्याकडची भिंत अडीच फूट जाड. बाहेरून दगड, आत पांढरी माती आणि वर चुन्याचा गिलावा. तीन वर्षांपूर्वी अशाच घाईत आम्ही त्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात मारून घेतले होते. कागदासारखी गुळगुळीत भिंत झाली. पाहुण्यांनी हात फिरवून पाहिला. पहिल्या पावसाळ्यात तिला फुगे आले, दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटले, तिसऱ्या वर्षी कमरेच्या उंचीपर्यंतची पुट्टी खाली सतरंजीवर पडू लागली. यंदा दुकानदार म्हणाला, "आता त्याहून भारी घ्या, वॉटरप्रूफ." पेंटर म्हणाला, "आधी सिमेंटने प्लास्टर करून घ्या, मग पुट्टी टाका." दोघांचाही सल्ला मनापासूनचा होता. मी पिशव्यांचे भाव विचारून आलोही होतो.

मग अब्बांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी काही विचारलं नाही. भिंतीला चिकटलेली पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. "खारा है," म्हणाले. लोणा लागला होता. नंतर खिळ्याने पुट्टीचा एक पापुद्रा उचकटला. आत ओली माती. "ऊपर से मुँह बंद कर दिये इसका. दीवार कू दम लेने देव, बाबा."

त्यांच्या त्या एका वाक्यापायी मी पुढचे काही दिवस पुस्तकं उघडून बसलो. भिंत भरायचा माल निवडणं ही साधी बाब वाटते, पण त्यात दख्खनचा सहा-सातशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. आपण ज्याला गिलावा म्हणतो तो शब्द फारसीतून आला. गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. सुरखी म्हणजे विटांची भुकटी. 'सुर्ख', म्हणजे लाल, यावरून. सफेदीही तिकडचीच. आणि सर्वांत गमतीचा शब्द गच्ची. आपण घराच्या सपाट छपराला गच्ची म्हणतो, पण मूळ शब्द 'गच'. चुना कुटून, घोटून केलेली टणक जमीन म्हणजे गच. ती ज्या छपरावर केली ते गच्ची. उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या कुणालाच आपण फारसी बोलतोय याची जाणीव नसते, आणि असायची गरजही नाही. दुसऱ्या बाजूला लोणा, घाणी, करणी, चुना हे शब्द इथल्याच मातीतले. मिस्त्री बहुधा पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. एका भिंतीचा शब्दकोश काढला तरी निम्मी दुनिया त्यात निघते.

गच या शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे. इराणात आणि मध्य आशियात गच म्हणजे जिप्सम. तो दगड थोड्या आचेवर भाजला की भुकटी होते, पाणी घातलं की अर्ध्या तासात घट्ट होते. आज आपण ज्याला पीओपी म्हणतो, तोच हा प्रकार. तिकडच्या कारागिरांनी त्यावर वेलबुट्टी, आयती, जाळ्या कोरल्या. 1347 मध्ये गुलबर्ग्याला बहमनी सल्तनत उभी राहिली आणि इराणकडून माणसं दख्खनला येऊ लागली. त्यांच्याबरोबर हे तंत्र आलं, नाव आलं, पण माल नव्हता. बेसाल्टच्या या काळ्या पठारावर जिप्सम कुठून मिळणार? इथे होता चुना. तेव्हा नाव तेच राहिलं आणि माल बदलला. दख्खनमध्ये जे 'गचकाम' झालं, ते चुन्याचं झालं. बाहेरून आलेला नमुना आणि इथल्या गवंड्याचा हात, अशी ही जोडी जमली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात गॅझेटियर लिहिली, त्यात दख्खनच्या मुसलमान जमातींमध्ये गवंड्यांची वेगळी नोंद आहे. हिंदू गवंडी होतेच. भिंत बांधताना कुणाचा हात लागला हे भिंत पाहून सांगता येत नाही.

हा चुना यायचा कुठून? आपल्या काळ्या जमिनीत नांगर फिरला की पांढरट, ओबडधोबड गोटे वर येतात. ते चुनखडीचे खडे. शेतकऱ्याला त्रास, भट्टीवाल्याला माल. हे खडे आणि कोळसा यांचे थरावर थर रचून भट्टी पेटवायची. भाजून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, फसफसतो, मग शांत होतो. यालाच चुना विझवणं म्हणतात. हे काम लोणारी समाजाचं. मीठ, कोळसा आणि चुना हे त्यांचे जुने व्यवसाय. सांगोल्याकडे आजही हा समाज मोठ्या संख्येने आहे. 'लोणा' आणि 'लोणारी' या दोन शब्दांचं मूळ एकच, लवण. भिंतीला रोग देणारं आणि भिंतीला औषध करणाऱ्याचं नाव एकाच मुळातून यावं, हा योगायोग मला मजेचा वाटतो.

या खड्यांमध्ये थोडी चिकणमाती असते. त्यामुळे त्यांचा चुना शुद्ध चुन्यापेक्षा लवकर घट्ट होतो, ओलाव्यातही धरून राहतो. म्हणजे गरिबाचा मळका चुना पुष्कळदा शुभ्र चुन्याहून कामाचा. विझवलेला चुना, वाळू आणि सुरखी घाणीत पडायची. जुने किल्ले पाहायला जाल तर गोल दगडी चर आणि त्यात उभं दगडी चाक दिसतं, तीच चुन्याची घाणी. बैल गोल फिरायचे, चाक चुना रगडायचं. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चीक, उडदाचं पीठ, ज्या मुलखात जे मिळेल ते पडायचं. यावर लोक आजही अवाजवी गूढ रचतात, जणू बादशहांकडे काही गुप्त नुस्खा होता. गुप्त काही नव्हतं. गुळाने चुना मऊ चालतो आणि हळू सुकतो, चिकाने पकड येते, तंतूने भेग पडत नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या रोपाचे तंतू मिसळलेले आहेत, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. म्हणजे गिलावा शिकायला दख्खनला कुणाची वाट पाहावी लागली नव्हती. सल्तनती आल्या तेव्हा इथे हजार वर्षांचा जाणता हात तयार होता.

आता सोलापूरकडे येऊ. आपला भुईकोट किल्ला बहमनी काळातला. नंतर तो विजापूरचे आदिलशहा आणि अहमदनगरचे निजामशहा यांच्या मधला कायमचा तंटा बनला. 1524 मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी इथेच, सोलापुरात लागलं. हुंड्यात सोलापूर द्यायचं कबूल झालं होतं. दिलं नाही, म्हणून लढाया झाल्या. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेलं. 1565 ची तालिकोटची लढाई या सोयरिकीनंतरची. लहानपणी हे ऐकून मला वाटायचं, किल्ला उचलून पेटाऱ्यात कसा घातला असेल? सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने विजापूरवर जाताना सोलापुरात तळ ठोकला, 1686 मध्ये विजापूर पडलं. 1818 मध्ये इंग्रज आले. मालक बदलत गेले. तटाच्या दगडांमधला चुना मात्र आजही हाताला लागतो. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने फिरायला जाल तेव्हा एकदा सांध्यांकडे पाहा. पाऊस शतकानुशतकं त्यावरून वाहतोय.

ज्या अली आदिलशहाला सोलापूर आंदण मिळालं, त्यानेच विजापुरात जामा मशिदीचं काम काढलं. तिचा मेहराब 1636 मध्ये मुहम्मद आदिलशहाच्या काळात रंगांनी आणि सोन्याने मढवला गेला. तो पाहताना आपली नजर सोन्यावर जाते. पण सोनं टिकलं ते खालच्या थरामुळे. रंगाखाली चुन्याचा घोटीव थर नसता तर तो मेहराब आपल्यापर्यंत पोहोचला नसता. गुळगुळीत गोट्याने भिंत घोटत बसणाऱ्या त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. फरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून सुलतानांच्या लढाया लिहीत होता. चुना घोटणाऱ्यासाठी त्याला सवड नव्हती, आणि नंतरच्या इतिहासकारांनाही झाली नाही.

गोलघुमटाची गोष्ट आमच्या बैठकीच्या भिंतीशी जास्त जुळते. मुहम्मद आदिलशहा 1656 मध्ये वारला, त्याची ही कबर. घुमट विटा आणि चुन्याचा, सुमारे 3 मीटर जाड. जवळपास तीन शतकं तो उभा राहिला. 1936-37 च्या सुमारास त्यात तडे दिसले, तेव्हा पुरातत्त्व खात्याने बाहेरून लोखंडी जाळी बसवून त्यावर सिमेंटचा फवारा मारला. त्या काळात ते अत्याधुनिक तंत्र होतं. हातात नवा माल आला की तो जुन्या भिंतीवर वापरून पाहायचा मोह जगभर झाला. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर संगमरवरी दगड जोडायला लोखंड वापरलं, ते गंजून फुगलं आणि दगड फुटला. दुरुस्तीची दुरुस्ती करण्यात त्यांची पुढची कित्येक वर्षं गेली. गोलघुमटाला जाळीने आधार दिला असेल, मी अभियंता नाही. पण जुन्या भिंतीपेक्षा कडक माल तिच्या अंगावर चढवताना दहा वेळा विचार करावा, हे आज संवर्धन करणारे लोक सगळीकडे सांगतात.

सिमेंट आपल्याकडे कसं आलं, हे थोडक्यात. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. हिंदुस्थानात 1904 मध्ये मद्रासला पहिला प्रयत्न झाला. आपल्या बाजूला, निजामाच्या राज्यात, शहाबादला कारखाना उभा राहिला. ज्या शहाबादची फरशी सोलापूरच्या घराघरात आहे, तेच हे गाव. 1936 मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र होऊन एसीसी झाली, त्यात शहाबादही गेलं. सोलापुरात 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली होती, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. शहराला घाईने घरं हवी होती. चुना महिनोन्महिने मुरतो, सिमेंट दुसऱ्या दिवशी भार घेतं. भट्ट्या थंड पडल्या, घाण्यांचे दगड बागेत शोभेला गेले आणि चुना पानाच्या डबीत आणि दिवाळी-ईदच्या सफेदीत उरला. त्या सफेदीत नीळ टाकायची, डिंक किंवा सरस टाकायचा. आमची दादी विणकाम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून खळ आणून टाकायची, म्हणजे अंगाला चुना लागत नाही म्हणे.

भेगा भरायला पेंटर लोकांकडे तेव्हा लांबी होती. काहीजण लुकण म्हणत. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली कणीक. खिडकीच्या काचा बसवायला, दारांची भोकं बुजवायला तिच्यासारखा माल नाही. तेल हळूहळू घट्ट होतं, लाकडाबरोबर थोडं वाकतं. मात्र चुन्याच्या ओल्या भिंतीवर तेलाची लांबी लावली की ती सुटते. जुने पेंटर हे जाणून होते. मग पांढऱ्या सिमेंटचे मोठे कारखाने राजस्थानात निघाले, 1984 मध्ये गोटनला आणि 1988 मध्ये खारिया खंगारला. त्या पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पुढे घरोघरी गेली. स्लॅबच्या, सिमेंट प्लास्टरच्या घराला ती चांगली आहे, याबद्दल शंका नको. माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांत एक कण हललेला नाही. तिथली भिंत तिच्याच जातीची आहे.

आमची भिंत वेगळ्या जातीची. तिला पाया ओलावारोधक नाही, जमिनीतला ओलावा मातीतून वर चढतो, बरोबर क्षार आणतो. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून तो ओलावा उडून जायचा. आम्ही वर सिमेंटची पुट्टी आणि त्यावर चकचकीत रंग मारला. बाहेर पडायची वाट बंद झाली. क्षार पुट्टीच्या मागेच साचले, त्यांचे खडे वाढले आणि त्यांनी पापुद्रा ढकलून दिला. दोष पुट्टीचा नव्हता, निवड आमची चुकली होती. त्यात पेंटरने मे महिन्यात, चाळीसच्या वर ऊन असताना, कोरड्या भिंतीवर पाणी न मारता ती लावली. भिंतीनेच तिचं पाणी पिऊन टाकलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा भाट ठरेन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरची ती रात्र. सोलापुरातही आम्ही रस्त्यावर धावलो होतो. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं मेली. त्यांना मारलं ते याच भिंतींनी. मातीत रचलेले गोटे, आतून-बाहेरून दोन पदर, पदरांना बांधणारा आडवा दगड नाही आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचा भार. चुना महाग, म्हणून गरिबाने तो कधी सांध्यात भरलाच नाही, फक्त वरून पोतला. त्यानंतर मराठवाड्यात आणि आपल्याकडे पांढरीच्या भिंतीवरचा विश्वासच उडाला. लोक सिमेंटकडे गेले ते फॅशन म्हणून नव्हे, जीव वाचवायला गेले. ज्यांनी आपली माणसं त्या ढिगाऱ्यातून काढली, त्यांना चुन्याचं कौतुक सांगायला माझी जीभ रेटत नाही. आमची भिंत भेग नसेपर्यंतच आमची आहे, हेही मिस्त्रींनी बजावलं. मोठी तिरपी भेग असती तर त्यांनी भरायला नकार दिला असता आणि इंजिनियरला बोलवायला सांगितलं असतं.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या मशिदींची आणि दर्ग्यांची. रमजानच्या आधी तिथेही हात फिरतो. कुणी दुबईहून पैसे पाठवतो, कुणी सवाब म्हणून टाइल्स देतो. नियत नेक असते, त्यावर बोट ठेवायचं नाही. पण जुन्या कमानीवरची गचातली फुलं, कोरलेल्या ओळी, पुट्टीच्या दोन हातांखाली सपाट होतात आणि त्यावर हिरवा ऑइलपेंट बसतो. मी एका गावातल्या दर्ग्यात मेहराबीच्या कडेची वेल बोटांनी चाचपून ओळखली आहे, डोळ्यांना ती दिसतच नव्हती. आपण भाषणांत म्हणतो की, आमचा वारसा सरकार जपत नाही. पुष्कळ अंशी खरंही आहे. पण जिथे सरकार येत नाही, चावी आपल्याच कमिटीकडे आहे, तिथे तो कोणी बुजवला? हा प्रश्न मी एका जमातीच्या बैठकीत विचारला तेव्हा एका बुजुर्गांनी उलट विचारलं, "चुना लावणारा मिस्त्री आणून दे, लावतो." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माल मिळतो, हात मिळत नाही. आमच्या मिस्त्रींच्या दोन मुलांपैकी एक पुण्यात फॉल्स सीलिंगचं काम करतो, दुसरा रिक्षा चालवतो.

तर आम्ही काय केलं? कमरेपर्यंतची सगळी पुट्टी आणि मध्ये कधीतरी मारलेला सिमेंटचा पट्टा छिन्नीने काढला. आतली माती आठवडाभर पंख्याखाली उघडी ठेवली. कोरड्या ब्रशने क्षार रोज झाडले. त्यावर पाणी मारलं की ते पुन्हा आत जातात, म्हणून पाणी नाही. मिस्त्रींनी कळीचा चुना आणून पिंपात विझवला होता, तो पंधरा दिवस पाण्याखाली मुरला. चाळून घेतला. एक भाग चुना, अडीच भाग वाळू आणि सुरखी. गुळाचं पाणी त्यांनी मला विचारून घातलं, बहुधा माझ्या पुस्तकांचा मान ठेवायला. खोल खड्डे एका दमात न भरता थरांनी भरले, प्रत्येक थरावर ओलं गोणपाट. वरचा शेवटचा हात फक्त चुना आणि बारीक भुकटीचा, थापीने दाबून घोटलेला. दरवाजाच्या चौकटीला मात्र लांबीच, आणि मागे वाढवलेल्या स्लॅबच्या खोलीला सरळ पुट्टी. दुकानदार नाराज झाला नाही, त्याची एक पिशवी खपली.

खर्च पुट्टीपेक्षा फार वेगळा आला नाही, मजुरी जास्त, माल कमी. वेळ मात्र तिप्पट लागला. चांदरात आली तेव्हा तीन भिंतींवर निळीची सफेदी चढली होती आणि रस्त्याकडची चौथी अजून करडी, ओलसर होती. अम्मीला ते आवडलं नाही. ईदच्या दिवशी शिरखुर्मा प्यायला आलेला प्रत्येक जण त्या भिंतीकडे पाहून विचारत होता, "रंग संपला का?" मिस्त्री नमाजनंतर आले, गळाभेट झाली. मग त्यांनी चप्पल दाराशी काढून थेट भिंत गाठली, तळवा टेकवला आणि म्हणाले, "अभी पंधरा दिन और. हाथ मत लगाना."